कोलेस्टेरॉलची गोळी, पेशीपटलातील मेद आणि जिवाणूंचा संसर्ग

निपाणीजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचकांच्या आईंना गेल्या पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला आणि उजवा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल होऊन सुजला. डॉक्टरांनी सेल्युलायटिसचे, म्हणजे त्वचा आणि तिच्याखालील ऊतींच्या जिवाणू-संसर्गाचे, निदान केले आणि प्रतिजैविकांच्या इंजेक्शनांनी तो बरा झाला. आईंची पूर्वी अँजिओप्लास्टी झालेली असल्याने त्या रोज रात्री अॅटोरव्हास्टॅटिनची गोळी घेतात. चिकोडीच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्या मुलाच्या वाचनात आले की, पेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉल आणि इतर मेद शरीराला जिवाणूंशी लढायला मदत करतात. त्यावरून घरात असा निष्कर्ष निघाला की गोळीमुळे कोलेस्टेरॉल घटले, कोलेस्टेरॉल घटल्यामुळे प्रतिकारशक्ती घटली आणि म्हणून पाय सुजला. तेव्हा गोळी बंद करून जेवणात तूप वाढवावे काय, असे विचारले आहे.

मुलाने वाचलेले खरे आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. गोळी बंद करू नये. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने ही गोळी स्वतःच्या मनाने सोडणे किती धोक्याचे आहे हे आपले हृदयरोगतज्ज्ञ सांगतीलच. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाजूने, म्हणजे बेळगावातील प्रयोगशाळेत बसून रोज जिवाणूंचे अहवाल देणाऱ्या माणसाच्या बाजूने उत्तर देतो. पेशीपटलातील मेदांचा संरक्षणाशी असलेला संबंध त्यांच्या मांडणीवर आणि गरजेप्रमाणे ती मांडणी बदलण्यावर अवलंबून असतो. रक्ततपासणीच्या कागदावर दिसणाऱ्या आकड्याशी त्याचा फारसा संबंध नाही, आणि हेच पुढे सविस्तर मांडायचे आहे.

आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचे पटल सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर, यावरून ते किती पातळ आहे याची कल्पना यावी. हे पटल फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंच्या दोन थरांनी बनते. रेणूंची पाण्याला धरून राहणारी डोकी बाहेरच्या आणि आतल्या बाजूला असतात, तर पाण्यापासून पळणाऱ्या शेपट्या मधोमध एकमेकींकडे तोंड करून असतात. गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ मध्ये तांबड्या पेशींतून मेद काढून तो पाण्यावर पसरवला, तेव्हा त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. त्यावरून थर दोन असले पाहिजेत, असे त्यांनी म्हटले. गंमत अशी की त्यांच्या हातून मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही त्यांनी कमी मोजले होते. या दोन चुका एकमेकींना छेद देऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आले. पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी हे पटल घट्ट नसून प्रवाही असते आणि त्यात प्रथिने तरंगत फिरतात, अशी मांडणी केली. ती आजही महाविद्यालयांत शिकवली जाते.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की हे दोन थर सारखे नसतात. बाहेरच्या थरात मुख्यतः फॉस्फॅटिडिलकोलिन आणि स्फिंगोमायलिन असते व या दोन्हींवर एकंदरीत विद्युतभार नसतो. ऋणभार असलेले फॉस्फॅटिडिलसेरिन पेशी खर्च करून आतल्या थरात ओढून ठेवते. याशिवाय पेशीपटलातील मेदरेणूंपैकी साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून थोडे अधिक रेणू कोलेस्टेरॉलचे असतात, आणि त्यांच्यामुळे पटलाला टणकपणा येतो. जिवाणूंचे पटल नेमके याच्या उलट असते. त्यात फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन हे ऋणभारित मेद भरपूर असतात, आणि मायकोप्लाझ्मासारखे यजमानाकडून उचलणारे काही अपवाद सोडले तर कोलेस्टेरॉल नसतेच.

शरीर या फरकाचा उपयोग करून घेते. आपली त्वचा, श्वसनमार्ग, आतडी आणि पांढऱ्या पेशी डिफेन्सिन व कॅथेलिसिडिन या गटांतील छोटी प्रथिने तयार करतात, ज्यांवर धनभार असतो. ती आपल्या पेशींच्या भाररहित आणि कोलेस्टेरॉलने कठीण झालेल्या पृष्ठभागावर फारशी चिकटत नाहीत, मात्र जिवाणूच्या ऋणभारित पटलाकडे खेचली जातात, त्यात घुसतात आणि त्याला भोके पाडतात. १९८७ मध्ये मायकल झासलॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून असेच रेणू वेगळे केले. शस्त्रक्रियेनंतर गढूळ पाण्यात सोडलेल्या बेडकांच्या जखमा का चिघळत नाहीत, या साध्या निरीक्षणातून ते तिथपर्यंत पोहोचले होते. अश्रूंमध्ये तर याहून वेगळी योजना आहे. त्यांतील एक फॉस्फोलायपेज हे विकर (एन्झाइम) स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंच्या पटलातील मेदच तोडते आणि आपल्या डोळ्याच्या पेशींना धक्का लावत नाही, कारण त्यालाही ऋणभारित मेदच हवा असतो.

जिवाणूही गप्प बसत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या पटलातील फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलला लायसिन हे अमिनो आम्ल जोडतो, त्यामुळे ऋणभार झाकला जातो आणि आपली प्रथिने त्याला सहज चिकटत नाहीत. अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून वापरल्या जाणाऱ्या कोलिस्टिनची कथाही अशीच आहे. हे औषध क्लेब्सिएलासारख्या जिवाणूंच्या बाह्यपटलातील लिपिड ए या मेदाला धरते. काही जिवाणू त्या लिपिड ए वर धनभारित तुकडा चढवून औषधाला हुलकावणी देतात. हे काम करणारे आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमधून प्रथम नोंदवले गेले. येथे आमच्या व्यवसायातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. कोलिस्टिनचा रेणू आगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमात, नीट पसरत नाही, म्हणून कागदी चकती ठेवून केलेली त्याची चाचणी विश्वासार्ह नसते. ती द्रव माध्यमात औषधाच्या चढत्या मात्रा घालूनच करावी लागते. तरीही चकतीच्या आधारे ‘कोलिस्टिन लागू’ असे छापलेले अहवाल तालुक्यातालुक्यांतून अजून येतात, आणि असा अहवाल पाहिला की मी तो बाजूला ठेवून चाचणी नव्याने लावतो.

याच संदर्भात डॅप्टोमायसिनचे उदाहरण विद्यार्थ्यांना मी हमखास देतो. हे औषध कॅल्शियमच्या मदतीने जिवाणूच्या फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलमध्ये घुसते, आणि रक्तातील व त्वचेतील स्टॅफिलोकॉकसवर ते उत्तम चालते. न्यूमोनियात मात्र ते निकामी ठरते, कारण फुप्फुसातील वायुकोशांना आतून लेप देणाऱ्या सर्फॅक्टंटमध्ये आपल्याच शरीराने बनवलेले फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल असते आणि औषध त्यातच अडकून पडते. प्रयोगशाळेच्या ताटलीत जिवाणू मरतो आणि रुग्णाच्या छातीत मरत नाही, असा हा प्रकार आहे.

आता तापाकडे वळतो. जिवाणू ऊतींमध्ये शिरला की पांढऱ्या पेशींच्या पटलावरील ग्राहक (रिसेप्टर) ही प्रथिने त्याला ओळखतात. लिपिड ए ओळखणारा टीएलआर-४ हा ग्राहक ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये निश्चित केला आणि त्या कामासाठी त्यांना २०११ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. ग्राहकाने इशारा दिल्यावर पेशीतील एक फॉस्फोलायपेज पेशीपटलाच्याच फॉस्फोलिपिडमधून अॅराकिडोनिक आम्ल कापून मोकळे करते. म्हणजे ज्या पटलाने पेशी बांधलेली असते, तेच पटल कच्चा माल म्हणूनही वापरले जाते. या आम्लापासून एका वाटेने प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होते. ते मेंदूतील हायपोथॅलॅमसला तापमान वाढवायला लावते आणि जखमेजवळच्या रक्तवाहिन्या रुंद करते. दुसऱ्या वाटेने ल्यूकोट्राईन बी-४ तयार होते आणि ते न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना रक्तातून संसर्गाच्या जागेकडे बोलावते. पायाची लाली, ऊब, सूज आणि वेदना, तसेच हुडहुडी भरून येणारा ताप, या सगळ्यांत पेशीपटलातून कापलेल्या मेदांचा मोठा हात असतो. अॅस्पिरिन यांपैकी पहिली वाट अडवते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्यासह मिळाले. पॅरासिटामॉलचा तापावरील परिणामही मुख्यतः याच वाटेवरचा असून त्याने न्यूट्रोफिलांचे बोलावणे बंद होत नाही, म्हणून ताप असह्य झाल्यास ते घेण्यात गैर काही नाही.

स्टिरॉइडची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याविषयी मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड अॅराकिडोनिक आम्ल मोकळे होण्याची पायरीच दाबते, त्यामुळे दोन्ही वाटांचा पुरवठा एकदम आटतो. ताप काही तासांत उतरतो, अंग हलके वाटते आणि भूक लागते. म्हणूनच आपल्या सीमाभागात, खानापूरच्या वाडीवस्तीपासून अथणी-कागवाडच्या उसाच्या पट्ट्यापर्यंत, ‘एक सुई मारा आणि कामाला लावा’ ही मागणी रुग्णाकडूनच होते आणि काही ठिकाणी ती पुरवलीही जाते. जिवाणूंचा संसर्ग असताना प्रतिजैविकाविना दिलेले असे इंजेक्शन म्हणजे आग न विझवता धूर कोंडण्याचा प्रकार आहे. त्यातून अहवालाचाही घोटाळा होतो. स्टिरॉइडमुळे रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, त्यामुळे रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला दिसतो आणि शरीर जोरात लढत आहे असा समज होतो. प्रत्यक्षात याच पेशींचे ऊतींमध्ये उतरणे थांबलेले असते. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाच्या जखमेत हे घडले की बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते. तज्ज्ञ डॉक्टर मेंदूज्वरासारख्या काही ठरावीक संसर्गांत प्रतिजैविकाच्या जोडीने स्टिरॉइड देतात. तो विचारपूर्वक केलेला उपचार असतो आणि त्याविषयी माझी तक्रार नाही.

न्यूट्रोफिल किंवा मॅक्रोफेज (जिवाणू गिळणारी दुसरी पांढरी पेशी) जिवाणूपाशी पोहोचल्यावर त्याला गिळताना पेशीपटलात जे घडते ते फार बारीक काम आहे, म्हणून थोडक्यातच सांगतो. जिवाणूला कवेत घेणाऱ्या भागातील पीआयपी-२ या मेदावर आणखी एक फॉस्फेट चढून पीआयपी-३ तयार होते, त्यामुळे पेशीच्या सांगाड्याची बांधणी बदलते आणि पटल जिवाणूभोवती मिटते. मिटलेल्या पिशवीवर पीआय-३-पी हा तिसरा प्रकार उमटतो. त्याच्या खुणेवर जिवाणूमारक ऑक्सिजन-रेणू तयार करणारे विकरसमूह तेथे जमतात आणि लायसोसोम ही पेशीतील पचन करणारी आम्लयुक्त पिशवी त्या पिशवीला येऊन मिळते. क्षयाचा जिवाणू याच ठिकाणी दगा देतो. त्याच्याकडे पीआय-३-पी पुसून टाकणारे एक विकर आहे. खूणच नाहीशी झाल्याने लायसोसोम पिशवीपर्यंत येत नाही आणि जिवाणू मॅक्रोफेजच्या पोटात राहून वाढतो. इतकेच नव्हे, तर आत राहून तो यजमान पेशीचे कोलेस्टेरॉल खाऊन जगू शकतो. कोलेस्टेरॉल म्हणजे केवळ शरीराचा मित्र, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या आईंच्या पायाकडे येतो. पायाच्या सेल्युलायटिसचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू, आणि कोलेस्टेरॉलशी त्यांचा संबंध थेट आहे. या गटातील स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस हा जिवाणू स्ट्रेप्टोलायसिन ओ नावाचे विष सोडतो. हे विष पेशीपटलात कोलेस्टेरॉल असेल तरच पटलाला चिकटते. चिकटल्यावर विषाचे अनेक रेणू गोल कडे करून पटलाला मोठे भोक पाडतात. न्यूमोकॉकस आणि लिस्टेरिया यांची विषेही याच कुळातील आहेत. म्हणजे जे कोलेस्टेरॉल आपल्या पटलाला स्वतःच्या डिफेन्सिनांपासून वाचवते, तेच जिवाणूला आपली पेशी ओळखून देते.

हे डोळ्यांनी पाहता येते. मेंढीचे रक्त मिसळलेल्या लाल आगारच्या ताटलीवर आम्ही रुग्णाच्या घशातील किंवा जखमेतील नमुना रेघा ओढून पसरवतो आणि तारेने आगारमध्ये दोन-तीन ठिकाणी टोचतो. दुसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याहून लहान करड्या वसाहती दिसतात आणि प्रत्येकीभोवती लाल रंग पूर्ण नाहीसा होऊन स्वच्छ वर्तुळ पडलेले असते; ताटली वर्तमानपत्रावर धरली तर त्या वर्तुळातून अक्षरे वाचता येतात. तेथे तांबड्या पेशींची पटले फुटून गेलेली असतात. पृष्ठभागावरचे वर्तुळ मुख्यतः स्ट्रेप्टोलायसिन एस या दुसऱ्या विषाचे काम असते. स्ट्रेप्टोलायसिन ओ हवेतील ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून त्याचा परिणाम टोचलेल्या जागी, आगारच्या आत, अधिक ठळक दिसतो. टोचण्याचे कारण तेच. काही लहान प्रयोगशाळा खर्च वाचवण्यासाठी रक्तपेढीतील मुदत संपलेले मानवी रक्त वापरतात, ते टाळावे. पूर्वी कधी घसा सुजलेल्या दात्याच्या रक्तात स्ट्रेप्टोलायसिन ओ विरुद्धची प्रतिद्रव्ये असू शकतात आणि त्यामुळे त्याची खूण नीट उमटत नाही.

एएसओ ही तपासणी म्हणजे याच प्रतिद्रव्यांचे मोजमाप आहे. मुलांचे सांधे दुखत असल्यास संधिवाती ताप शोधण्यासाठी ती सांगितली जाते, आणि सेल्युलायटिसनंतरही अनेक जण ती करून आणतात. परंतु त्वचेच्या संसर्गात एएसओ बहुधा फारसा वाढत नाही, कारण त्वचेतील कोलेस्टेरॉल आणि इतर मेद विषाला जागीच बांधून टाकतात आणि त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होण्याइतके ते शरीरापुढे येतच नाही. आपल्या आईंचा एएसओ सामान्य आला असेल तर स्ट्रेप्टोकॉकस नव्हताच, असे त्यावरून म्हणता येत नाही.

मुलाने जे वाचले ते बहुधा यापुढच्या भागाविषयी असावे. पेशीपटलातील सगळे कोलेस्टेरॉल विषाला सारखे सापडत नाही. बरेचसे रेणू स्फिंगोमायलिन आणि इतर फॉस्फोलिपिडांशी जखडलेले असतात, आणि या रेणूंना सामावून उरलेला थोडासा भाग मोकळा असतो. लग्नाच्या पंगतीत पानावर बसलेली माणसे आणि जागा न मिळाल्याने मागे उभी असलेली माणसे यांत जो फरक असतो, तसाच हा फरक आहे, आणि विषाचा हात उभ्या असलेल्यांपर्यंतच पोहोचतो. संसर्गाच्या वेळी इंटरफेरॉन या संरक्षक प्रथिनाचा इशारा मिळताच मॅक्रोफेज पेशी कोलेस्टेरॉलपासून २५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल नावाचा रेणू तयार करून बाहेर सोडतात. त्याच्या प्रभावाने मॅक्रोफेज आणि शेजारच्या पेशी पटलातील हे मोकळे कोलेस्टेरॉल आत ओढतात आणि मेदाम्लाशी जोडून थेंबांच्या रूपात साठवतात. पटलातील एकूण कोलेस्टेरॉल जवळपास तेवढेच राहते, पटलाची कामे चालू राहतात, मात्र स्ट्रेप्टोलायसिनसारख्या विषांना धरायला काही उरत नाही आणि लिस्टेरियालाही एका पेशीतून दुसरीत शिरणे अवघड होते. हे सारे काही तासांत घडते. त्यातूनही भोक पडलेच, तर त्यातून आत शिरणाऱ्या कॅल्शियममुळे पेशी सावध होते आणि पटलाचा तेवढा फाटका भाग फुग्यासारखा बाहेर टाकून कडा सांधून घेते.

येथे आपल्या घरातील तर्क नेमका उलटा पडतो. जिवाणूच्या या विषांशी लढताना शरीर पटलावरचे मोकळे कोलेस्टेरॉल कमी करते. अधिक कोलेस्टेरॉल म्हणजे अधिक संरक्षण, असे समीकरण यातून कोठेच निघत नाही. मात्र गोळीने रक्तातील कोलेस्टेरॉल कमी केले म्हणजे आईंना विषापासून संरक्षण मिळाले, असा उलट निष्कर्षही काढू नये, कारण रक्तातील आकडा आणि पटलातील कोलेस्टेरॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी कोलेस्टेरॉल स्वतः तयार करू शकते, आणि पटलातील प्रमाण घसरू लागले की निर्मिती वाढवते किंवा रक्तातील कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएल कण अधिक उचलते. या उचलण्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. स्टॅटिन, म्हणजे अॅटोरव्हास्टॅटिन ज्या गटात येते ती औषधे, मुख्यतः यकृतातील निर्मिती मंदावतात. त्यामुळे यकृत रक्तातील एलडीएल ओढून घेते आणि कागदावरील आकडा मोठ्या मात्रेत निम्म्यापर्यंतही खाली येतो. पायाच्या कातडीतील किंवा पांढऱ्या पेशींतील पटले त्यामुळे रिकामी होत नाहीत. स्टॅटिन घेणारे आणि निष्क्रिय गोळी घेणारे अशा मोठ्या चाचण्यांची एकत्र छाननी झाली, तेव्हा संसर्गाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. गोळीने संसर्ग वाढलेही नाहीत आणि घटलेही नाहीत. गंभीर संसर्गातून फुप्फुसे निकामी होऊ लागलेल्या रुग्णांना स्टॅटिन देऊन पाहिल्यावर फायदा झाला नाही, हेही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले आहे.

गैरसमज व्हायला एक कारण मात्र खरोखरच आहे. तीव्र संसर्गाच्या काळात रक्तातील कोलेस्टेरॉल आपोआप घसरते, आणि अतिदक्षता विभागातील रुग्णांमध्ये ते जितके खाली तितका आजार गंभीर असा संबंध दिसतो. यात घसरण हा आजाराचा परिणाम असतो. म्हणून ताप असताना किंवा पाय सुजलेला असताना लिपिड प्रोफाइल करूच नये. बरे वाटल्यावर काही आठवडे जाऊ द्यावेत आणि मग तपासणी करावी. नाहीतर घसरलेला आकडा पाहून ‘गोळीने फारच उतरले’ असे वाटून गोळी बंद होते.

तूप वाढवण्याविषयी वेगळे सांगायला नको. पेशीपटलातील मेदाम्लांवर आहाराचा काही परिणाम होतो हे खरे आहे, आणि माशांतील ओमेगा-३ आम्लांपासून सूज शमवणारे रिझॉल्विन नावाचे रेणू शरीरात तयार होतात. जवसातील ओमेगा-३ चे त्या रूपात रूपांतर फार थोडे होते. तेव्हा जवसाची चटणी भाकरीबरोबर चवीने जरूर खावी, तिच्या भरवशावर संसर्ग टाळण्याचा विचार करू नये.

पाय पुन्हा सुजू नये म्हणून लक्ष द्यायचे ते पटलापेक्षा वरच्या थराकडे, म्हणजे त्वचेकडे. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात मेलेल्या पेशींच्या मधोमध सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा लेप असतो. तो पाणी धरतो आणि त्यातील काही मेदाम्ले व स्फिंगोसिन स्टॅफिलोकॉकसला थेट मारतात. पावसाळ्यात सतत ओल्या चिखलात उभे राहून रोपलावणी करणाऱ्या आणि धुण्याच्या सोड्यात हातपाय भिजवणाऱ्या बायकांचा हा लेप धुऊन जातो. टाचांना भेगा पडतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आणि स्ट्रेप्टोकॉकस बहुतेक वेळा त्याच फटीतून आत शिरतो. माझ्या अनुभवात खानापूर आणि चंदगडकडून जून ते सप्टेंबरमध्ये येणाऱ्या अशा रुग्णांच्या बोटांच्या बेचक्या तपासल्या, तर आत शिरण्याची जागा बरेचदा तेथेच सापडते, पण पायमोजा काढून पाहण्याचे राहून जाते. आईंच्या चिखल्यांवर बुरशीनाशक मलम पूर्ण मुदतीपर्यंत लावावे, बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, टाचांना रात्री पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल चोळावे, आणि ते बेचक्यांत जाऊ देऊ नये. रक्तातील साखर तपासून घ्यावी. पायाला कायमची सूज राहिली असेल तर झोपताना पाय उशीवर उंच ठेवावा. पट्टी किंवा घट्ट मोजा वापरण्यापूर्वी पायातील रक्तप्रवाह ठीक असल्याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी.

एकच पाय वर्षातून दोन-तीनदा असा सुजू लागला, तर रोज थोड्या मात्रेत पेनिसिलिन देऊन तो टाळता येतो. हे चाचण्यांनी सिद्ध झालेले आहे आणि स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस आजही पेनिसिलिनला दाद देतो. आईंना पेनिसिलिनची अॅलर्जी नाही ना, हे आधी विचारून घेतले जाईल. अॅलर्जी असल्यास त्याऐवजी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन सुचवले जाण्याची शक्यता असते, आणि गोळीविषयी खरी सावधगिरी येथे लागते. ही दोन औषधे यकृतात अॅटोरव्हास्टॅटिनचा निचरा अडवतात, रक्तातील त्याची पातळी चढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. अशा वेळी डॉक्टर वेगळे प्रतिजैविक निवडतात, स्टॅटिनची मात्रा किंवा प्रकार बदलतात, अथवा प्रतिजैविक थोड्या दिवसांचेच असेल तर तेवढ्यापुरती गोळी थांबवून ती नंतर पुन्हा सुरू करतात. म्हणून औषधाच्या दुकानात किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना आई घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. अंग फार दुखू लागले किंवा लघवी चहासारखी काळसर झाली, तर त्याच दिवशी दाखवावे.